चार मीटर लाल वायर

तिसऱ्या राजकुमाराच्या पालखीचे दिवे दर वर्षी तिसऱ्या गल्लीत विझायचे. पहिल्या गल्लीत झगमगाट, दुसरीत नुसती उघडझाप, आणि तिसरीत लसणाच्या गोदामापाशी आलं की संपलं. गावात त्यावर एक विनोदच ठरून गेला होता. "राजकुमार झोपले," लोक म्हणायचे. तिसरा राजकुमार म्हणजे देव, पण पोरवयाचा देव. पायांखाली आगीची दोन चाकं, हातात भाला, आणि नैवेद्याला गोळ्या, बिस्किटं नि गोड ताकाच्या चिमुकल्या बाटल्या. लेकराला दुपारची झोप लागायचीच, असं म्हणून लोक हसत आणि पालखीखाली फटाक्यांची आणखी एक माळ सोडत.

हसत नसे तो एकच माणूस, श्यू जिन-शान. वय एकाहत्तर. साखर कारखान्याच्या छोट्या रेल्वेवर त्याने तीस वर्षं वायरमन म्हणून काढली होती. रेल्वे बंद पडली तशी त्याने हातातली कला देवापाशी आणून ठेवली, आणि बावीस वर्षं पालखीचे दिवे त्याचे झाले. बॅटरी पालखीत ठेवायची सोय नव्हती. देवाच्या बैठकीखाली काही ठेवायचं नाही असा दंडक, आणि चौघे भोई अर्धा किलोसुद्धा जास्त उचलायला तयार नसत, कारण ही पालखी नुसती वाहायची नसते, नाचवायची असते. म्हणून बॅटरी पिशवीत, पिशवी जिन-शानच्या खांद्यावर, आणि पिशवीतून निघालेली दोन मीटर वायर थेट देवाच्या आसनाच्या पाठीला. पालखी जाईल तिकडे तो. देवाशी वायरीने जोडलेला गावात हा एकच माणूस. त्याचा त्याला किती अभिमान होता हे तो कधी बोलला नाही, पण मिरवणुकीच्या आदल्या दिवशी न चुकता न्हाव्याकडे जाऊन यायचा.

दिवे का विझतात हे त्याच्या मुलीला, वान-जूला, पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. गावाच्या तोंडाशी विजेच्या स्कूटर दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं आणि दिवसभर वायरींशीच तिचा संसार. बाप पालखीला घरातली वायर लावायचा. आत तांब्याची एकच जाड कांडी, वर कडक प्लॅस्टिक. ती तो काटकोनात वाकवून, पट्टीने रेघ मारावी तशी बसवायचा. बघतच राहावं असं काम. भिंतीत घातली असती तर पन्नास वर्षं हलली नसती. पण पालखी म्हणजे भिंत नव्हे. चार दणकट गडी दिवसभर ती खालीवर, डावीउजवीकडे हिसडतात, आणि पत्रा पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो तशी आतली कांडी तुटते. वरून मात्र वायर धडधाकट दिसते. मग जिन-शान दर वर्षी म्हणणार, बल्बच खराब निघाले. नाहीतर बॅटरी जुनी झाली. नाहीतर हवा दमट होती.

वान-जू गप्प बसायची. बापाच्या कामावर मुलीने बोट ठेवायचं नसतं, निदान त्याने विचारल्याशिवाय तरी नाही. आणि जिन-शानने उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

पण या वर्षी पाणी डोक्यावरून गेलं. देवळाचा अध्यक्ष लू बाव-छी, खतांचा व्यापारी, बोलायला मोठा गोड माणूस. आठव्या महिन्याच्या बैठकीत त्याने एक गुळगुळीत रंगीत कागद टेबलावर पसरला. दक्षिणेकडच्या कुठल्याशा कंपनीचा. दिवे त्यांचे, बॅटरी त्यांची, पालखीमागे चालायला माणूसही त्यांचाच.

"जिन-शानदादा, यंदा खुर्ची टाकून देतो, सावलीत बसून मिरवणूक बघा," लू म्हणाला. "उन्हात चालायचं वय आहे का आता आपलं?"

जिन-शानचे कान लाल झाले. उजव्या कानाच्या पाळीवर गेल्या वर्षी उडालेल्या ठिणगीचा डाग होता, तोही त्या लालीत बुडून गेला. खुर्चीवर बसवणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. चहा ओतणाऱ्या वान-जूला तर सगळ्यात आधी कळलं.

आता आमच्याकडे अध्यक्षाचा शब्द शेवटचा नसतो. तो देवाचा, आणि देवाला विचारायचं तर कौल लावायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. ओंजळीतून जमिनीवर टाकायचे. एक सपाट एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय, म्हणजे उत्तर द्यायची त्याची इच्छा नाही. लूने अगरबत्ती लावली, कंपनीला काम द्यावं का असं विचारलं आणि कौल टाकला. देव हसला. दुसऱ्यांदा टाकला, देव हसला. तिसऱ्यांदा लूने तुकडे जरा जास्तच वेळ ओंजळीत हलवले. देव पुन्हा हसला.

"तुझ्यावर हसतोय की जिन-शानवर, एवढंच विचारायचं राहिलं," कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली.

शेवटी लूने मधला रस्ता काढला. एक वर्ष आणखी. पालखी परत देवळात शिरताना दिवे चालू असले, तर जिन-शानची जागा जिन-शानला, आणि तो कंपनीचा कागद चुलीत. विझले तर पुढच्या वर्षीपासून कंपनी. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या गल्लीपुढे काय होतं हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं, तेव्हा मान डोलवायला कुणाचं काय जात होतं?

घरी येताच जिन-शानने पलंगाखालून कडक वायरीचं तेच जुनं वेटोळं ओढलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"आ-पा," वान-जू बापाला म्हणाली, "यंदा वायर मी आणते."

"का? माझ्या वायरीला काय झालं?"

"काही नाही झालं. चांगली आहे. पण भिंतीची आहे."

जिन-शानने वेटोळं पुन्हा पलंगाखाली सरकवलं आणि टीव्हीवरचे कांद्या-लसणाचे भाव ऐकत बसला. वान-जूने ती परवानगी समजली. पंधरा वर्षं जे तोंड उघडलं नव्हतं ते चार शब्दांत उघडलं गेलं, आणि आभाळही कोसळलं नाही. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही बोलले, असं वाटून तिला स्वतःचाच थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती ज्यायी शहरात गेली. स्टेशनमागच्या गल्लीत औयांगचं दुकान. खेळण्यातली विमानं आणि त्यांचे सुटे भाग विकणारा हा साठीचा माणूस, छताला इतकी विमानं टांगलेली की उंच गिऱ्हाइकाने वाकूनच आत यावं. वायरीतलं त्याच्याइतकं कळणारा माणूस चार गावांत नव्हता, आणि हे सगळ्यात आधी तोच सांगायचा.

त्याने आपले नेहमीचे प्रश्न विचारले. हलणार का? दिवसभर, वान-जू म्हणाली. तापणार का? फटाके अंगावर पडतात. पाणी? पडलं तर पडलं. हे विमानही वाटत नाही आणि गाडीही वाटत नाही, औयांग म्हणाला, मग आहे तरी काय?

"देव आहे, शेठ. तिसरा राजकुमार."

औयांगने तोंडातली सुपारी थुंकून टाकली आणि हात धुऊन आला. मग त्याने काउंटरवर दोन तुकडे ठेवले. पहिला साध्या प्लॅस्टिकचा, मोटारीत असतो तो. स्कूटरला ती रोज वापरते तोच. त्याने लायटर लावला, तसं प्लॅस्टिक आक्रसून मागे सरकलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. दुसरा तुकडा सिलिकॉनचा. तो त्याने बोटावर टाकला तर उकडलेल्या नूडलसारखा दोन्ही बाजूंनी लोंबला. आत केसाहून बारीक शेकडो तारा, म्हणून कितीही वाकवा, भार कुणा एकीवर पडत नाही. लायटर लावला तर फक्त काजळी धरली, आणि अंगठ्याने पुसताच खाली वायर होती तशी. मग त्याने टोक सोलून त्या बारीक तारा पात्याने खरवडून दाखवल्या. वर चंदेरी, आत लालसर. आतही पांढरी निघाली तर समज ॲल्युमिनियम आहे, कुणी फुकट दिली तरी घेऊ नको, तो म्हणाला.

"हिच्यात खोट नाही का काही?" वान-जूने विचारलं. खोट न सांगणाऱ्या दुकानदारावर तिचा विश्वास नसायचा, ती स्वतः दुकानदार होती.

"आहे ना. कातडी लोण्याची. नख लागलं तरी फाटते. धारदार कडेवरून नेऊ नको, ताणून बांधू नको. मऊ माणसासारखं असतं हिचं, आग सोसेल पण ओरखडा नाही सोसणार."

किती मीटर, असं त्याने विचारलं तेव्हा तिच्या तोंडावर दोन आलं होतं. बावीस वर्षं दोनच मीटर होती. पण तिला बापाच्या कानाचा डाग आठवला. देवळापुढे फटाक्यांची खोकी फुटतात तेव्हा तो त्या आगीपासून दोन मीटरवर उभा असतो, एकाहत्तर वर्षांचा, खांद्यावर बॅटरी घेऊन.

"चार," ती म्हणाली.

"मग जाड घ्यावी लागेल. बारीक वायरीत तेवढ्या लांबीला विजेचा दम टोकाला जाईपर्यंत संपतो. बारा नंबर घे."

या वायरीत आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे तिला माहीत होतं. साध्या प्लॅस्टिकची एवढी जाड वायर बांबूसारखी ताठ राहिली असती. ही हातावर घेतली तर झोपलेल्या मांजरासारखी पसरली. जाडीत रंग दोनच होते, लाल आणि काळा. तिने दोन्ही घेतले, दिव्यांसाठी बारीकही घेतली, आणि आनंदाने घरी आली. एखादी वस्तू अगदी बरोब्बर निवडली गेली की माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं, तसं तिला वाटेत वाटत होतं.

जिन-शानने ती वायर दोन बोटांत धरली. काटकोनात वाकवली. सोडली. ती पडली.

"ही वायर आहे की शेवया? हिला कणाच नाही."

"कणा नाही म्हणूनच मोडणार नाही, आ-पा."

तेवढ्यात पिशवीतली काळी वायर त्याच्या नजरेला पडली आणि बोलायला भरपूर सापडलं. राजकुमाराच्या वाढदिवसाला काळं? काळं नि पांढरं ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या दाराला. वान-जूने समजावलं की लाल म्हणजे अधिक, काळं म्हणजे उणे, सगळ्या जगाची ही रीत आहे, आणि वायर आसनाच्या आतून जाणार, दिसायचीसुद्धा नाही.

"तुला दिसायची नाही. त्याला दिसत नाही असं तुला वाटतं का?"

तिने अध्यक्षाला फोन लावला. एरवी जिन-शानच्या दर शब्दाला फाटा फोडणारा लू या एका बाबतीत त्याच्याशी शंभर टक्के सहमत निघाला. तेव्हा काळी वायर पुन्हा ज्यायीला गेली आणि तिच्या बदली लाल आली. सगळी लाल घेतेस, मग अधिक-उणे ओळखणार कशी, असं औयांगने विचारलं. मी ओळखेन, वान-जू म्हणाली. रोज पन्नास वायरी जोडणाऱ्या बाईला असं वाटणं साहजिक आहे. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

तिने केलं काय, तर उणेच्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचा एकेक तुकडा गुंडाळून ठेवला. दुकानात होती ती चिकटपट्टी पांढरी.

मिरवणुकीला चार दिवस उरले होते. सकाळी वान-जू दुकान उघडायला गेली आणि जिन-शान एकटाच देवळाच्या मागच्या खोलीत पालखीपाशी बसला. बघतो तर काय, देवाच्या आसनाभोवती पांढऱ्या पट्ट्या. दहा-बारा. कुणी बघितलं तर काय म्हणेल? मुलगी यंत्रात हुशार, पण या बाबतीत अगदीच बेफिकीर. त्याने एकेक पट्टी सोलून काढली, चुरगाळून खिशात टाकली, हात जोडून राजकुमाराची क्षमा मागितली, आणि मग मोठ्या भक्तिभावाने वायरी जोडायला घेतल्या.

वान-जू दुपारी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा खोलीत जळका वास होता. राजकुमाराच्या पायांखालची चाकं फिरल्यासारखी दिसावीत म्हणून दिव्यांना एकेक करून पेटवणारी एक छोटी डबी असते. त्या डबीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती. जिन-शान स्टुलावर बसला होता. त्याने खिशातून पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा काढून तिच्यापुढे धरला. वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या.

"लूला फोन कर," तो म्हणाला. "म्हणावं, कंपनीचा माणूस यंदाच बोलाव."

त्याचा असा आवाज वान-जूने कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. ती म्हणाली, चूक माझी आहे, पांढरी पट्टी मी लावली. तो म्हणाला, हात माझे होते. ती म्हणाली, डबी काय, उद्या दुसरी आणता येते. त्याने मान हलवली. डबीचं कोण म्हणतंय, रेल्वेवर तीस वर्षांत एक जोडणी उलटी केली नाही मी, एवढं म्हणून तो उठला आणि जेवणाचा डबा न उघडताच घरी गेला. वान-जू जळक्या वासात बसून राहिली. तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि औयांगला फोन केला. लूला केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवी डबी घेऊन थेट देवळात गेली. बाप तिथे असेल असं तिला वाटलं नव्हतं, पण जिन-शान स्टुलावर होता. मांडीवर लाल वायर. तिच्या टोकापाशी त्याने एक गाठ मारली होती. ती तो सोडत होता, पुन्हा मारत होता, ओढून बघत होता.

"तुटत नाही," तो म्हणाला, वर न बघता. "माझ्या वायरीला अशी गाठ बसलीच नसती. बसवली असती तर तिथेच मोडली असती."

मग त्याने सांगितलं. उसाच्या गाडीत गार्डच्या डब्यात दिवा नसायचा. छताला दोन दोऱ्या लोंबत, एक घंटेची, एक ब्रेकची. अंधारात हात भलत्या दोरीला गेला तर गाडी भर शेतात उभी. म्हणून ब्रेकच्या दोरीला गाठ. डोळे मिटून कळायचं.

"गाठ म्हणजे उणे," तो म्हणाला. "आणि लाल गाठीला कोण नावं ठेवणार? शांती लाभावी म्हणून बांधतात त्या लाल दोऱ्याच्या शंभर गाठी पालखीला टांगलेल्याच आहेत."

वान-जूने वायर हातात घेतली, डोळे मिटले, टोकं चाचपली. गाठ, साधी, साधी, गाठ. चुकायला जागाच नव्हती.

"आ-पा, मला हे सुचलंच नसतं."

"तुला कसं सुचेल? तुझ्याकडे काळी होती ना."

त्या दिवशी त्याने डबा उघडला आणि तिच्या वाटणीचं अंडंही खाल्लं. मग कुठूनसा जुन्या सायकलची ट्यूब शोधून आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि पालखीच्या पितळी नक्षीच्या प्रत्येक धारेवर रबराची गादी बसवली. लोण्याची कातडी आहे म्हणतेस ना, मग लोण्यासारखीच ठेवू. वायरीला त्याने जागोजागी ढील दिली. काटकोन एकही नाही. काम संपल्यावर तो लांबून बघत म्हणाला की दिसायला अगदीच गबाळं आहे, आणि हे त्याने जवळजवळ कौतुकाने म्हटलं.

नवव्या महिन्याची नवमी, राजकुमाराचा वाढदिवस. सकाळपासून गल्लीगल्लीत खारट पेज, नूडल, कलिंगडाच्या फोडी यांची टेबलं लागली. जिन-शान केस कापून, गवती टोपी घालून, गळ्यात टॉवेल गुंडाळून पिशवीसह हजर. भोयांचा म्होरक्या आ-ख्वान, खांद्यावर मुठीएवढा घट्टा असलेला पहिलवान, त्याला बघून म्हणाला, "काका, यंदा राजकुमार कितीला झोपणार? म्हणजे त्या हिशोबाने मी पाणी प्यायला थांबेन."

"तू उचल आधी. तूच झोपशील," जिन-शान म्हणाला.

चार मीटर वायर बघून मात्र त्याने कुरकुर केली होती. एवढ्या लांबून काय मी दुसऱ्या गावातून चालू? वान-जूने खरं कारण सांगितलं नाही. शेठकडे तेवढीच होती, ती म्हणाली. उरलेली वायर तो वेटोळं करून हातात घेऊन चालला.

पहिली गल्ली झाली. दुसरी झाली. आगीची चाकं गरगर फिरत होती. तिसऱ्या गल्लीत गोदामापाशी दर वर्षीपेक्षा दुप्पट गर्दी. सगळ्यांना राजकुमार झोपताना बघायचा होता. पालखी आली, भोयांनी ती तिथे मुद्दाम जास्तच हिसडली, दोनदा जमिनीला टेकवून वर उडवली, आणि चाकं फिरतच राहिली. पालखी पुढे गेली. गर्दी जरा हिरमुसली. वीस वर्षांचा विनोद असा हातचा जातो तेव्हा माणसाला थोडं वाईट वाटतंच. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि कौलाच्या वेळची ती म्हातारी पेजेचा वाडगा घेऊन जिन-शानच्या मागे धावली. त्याने चालता चालताच पेज प्यायली.

चौथी गल्ली, पाचवी, नदीकाठचा रस्ता. इथून पुढे गावाने पालखीचे दिवे कधी पाहिलेच नव्हते.

सूर्य कलायला पालखी देवळापुढच्या पटांगणात आली. तिथे लूने स्वतःच्या खर्चाने फटाक्यांची सहा खोकी रचून ठेवली होती. पालखीखाली जितका मोठा बार, तितकं वर्ष भरभराटीचं, ही इथली समजूत. भोयांनी तोंडाला ओले टॉवेल बांधले आणि ते खोक्यांवर पालखी घेऊन उभे राहिले. जिन-शान सवयीने पालखीला चिकटला.

"मागे या," वान-जूने त्याची पिशवी ओढली. "वायर आहे ना लांब. या मागे."

"शेठकडे तेवढीच होती म्हणे," तो म्हणाला आणि तिच्याकडे एकदा नीट बघून निमूट मागे आला.

पुढचा मिनिटभर कुणाला काही दिसलं नाही आणि काही ऐकूही आलं नाही. लाल कागदांचे कपटे, ठिणग्या, पांढरा धूर. वायर त्या धुरात कुठे शिरली होती ते दिसत होतं, पुढचं नाही. बार संपला. पटांगणात चिडीचूप. धूर जागचा हलेना. लू टाचा उंचावून बघत होता. मग त्या पांढऱ्यात, राजकुमाराच्या पायांशी, दोन लाल वर्तुळं दिसली. फिरत होती.

भोयांनी जी आरोळी ठोकली ती पार नदीपलीकडे गेली असेल. वान-जूने पुढे होऊन वायरीवरून अंगठा फिरवला. काजळी निघाली, खाली लाल होतं.

आता फक्त दाराशी तीनदा पुढे-मागे नाचवून पालखी आत न्यायची. जिन-शान मागे आपल्या जागी उभा होता. हातातल्या वेटोळ्याकडे त्याचं लक्ष गेलं. बरीच वायर उरली होती. त्याने थोडी सोडली आणि पालखीच्या बाजूने दोन पावलं टाकली. आणखी सोडली, आणखी दोन. आ-ख्वानच्या कोपराखालून तो वाकून पलीकडे गेला, वायर त्याच्यामागून निमूट वळणं घेत आली, आणि तो पालखीच्या समोर जाऊन उभा राहिला.

देवळात राजकुमार काचेमागे बसलेला असतो, ते निराळं. इथे तो नाचत होता. खालून चाकांचा लाल उजेड चेहऱ्यावर, गाल वर आलेले, डोळे बारीक, आणि पालखी पुढे झुकली की तो अंगावर झेप घेतोय असं वाटायचं. जिन-शानने टोपी काढली. लू त्याला बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून हात हलवत होता, पण भोई हसत हसत त्या म्हाताऱ्याच्या नाकासमोरच पालखी नाचवत राहिले.

वान-जू त्याच्याजवळ आली. त्याचे डोळे वाहत होते. धुराने असेल असं तिला आधी वाटलं.

"हसतोय गं हा," तो म्हणाला.

"नेहमीच हसतो, आ-पा."

"मला काय माहीत? बावीस वर्षं मी त्याची पाठच बघितली."

वान-जूने त्याच्या खांद्यावरची पिशवी खालून हाताने जरा उचलून धरली, म्हणजे भार कमी व्हावा. जड होती. दोघं तसेच उभे राहिले आणि पालखी तिनाच्या जागी पाच वेळा पुढे-मागे झाली.

मग लू आला आणि हळू आवाजात म्हणाला, जिन-शानदादा, आता देवाला आत जाऊ द्या, पुढच्या वर्षी पुन्हा आहेच की. जिन-शानने टोपी घातली. वायरीचं वेटोळं करत, ज्या वाटेने आला त्याच वाटेने तो पालखीमागे आपल्या जागी गेला. उंबऱ्यापाशी त्याने मागे वळून मुलीला हाक मारली.

"वान-जू, शेठला सांगून ठेव. पुढच्या वर्षी सहा मीटर लागेल."